अण्णांचा वाटा

राजाजीनगरातले ते घर भाड्याने घ्यायला आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा घरमालकांनी आमचा पगार विचारला नाही, आडनावावरून गाव काढले नाही, की स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी केली नाही. वेताच्या खुर्चीत ताठ बसून त्यांनी एवढेच विचारले, “नळ गळायला लागला, तर तुम्ही किती दिवस गप्प बसाल?”

माझ्या यजमानांना वाटले, ही जबाबदारपणाची परीक्षा असावी. ते म्हणाले, “गप्प कशाला बसू? लगेच कळवू की.”

“मग नाही जमायचं,” घरमालक म्हणाले आणि खुर्चीतून उठू लागले.

मी दाराशी उभी होते. अनोळखी माणसांसमोर माझ्या तोंडून सहसा शब्द फुटत नाही, त्या दिवशी मात्र का कोण जाणे, मी म्हणाले, “आधी वॉशर बदलून बघू. नाहीच थांबला, तर सांगू.”

“सरी,” म्हणजे ठीक, असे ते कन्नडमध्ये म्हणाले आणि किल्ली यजमानांच्या हातात न देता माझ्या हातात दिली.

आम्ही त्या घराच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षे राहिलो. घरमालकांचे पूर्वज तीन-साडेतीन शतकांपूर्वी कुठल्याशा सैन्याबरोबर दक्षिणेत उतरले आणि इकडचेच झाले. त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळली होती की, एक भाषा कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते त्यांनाही सांगता आले नसते. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मी निपाणीची, कन्नड मला परकी नव्हती, म्हणून अण्णांशी बोलताना मला फारसे अडखळावे लागले नाही. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते हे समजल्यावर त्यांनी मला ‘मिस’ म्हणायला सुरुवात केली, आणि माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे असूनही शेवटपर्यंत ‘अहो-जाहो’च केले.

अण्णा निवृत्त सर्वेक्षक होते. जमिनीचे नव्हे, मोटारींच्या अपघातांचे. गाडी कुठे आदळली आणि मालकाने विमा कंपनीकडे दावा केला, की गॅरेजमध्ये जाऊन नुकसान पाहायचे, त्यातले खरे किती आणि फुगवलेले किती ते ठरवायचे आणि अहवाल लिहायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केले होते. निवृत्तीनंतर अहवाल थांबले. पाहणे थांबले नाही. सकाळी फिरायला निघाले की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्यांपाशी ते थबकत. हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित वाकडी.

“हे बघा मिस, हा पोचा. खांबाचा नाही. खांब उभी घडी पाडतो. ही आडवी आहे, म्हणजे दुसऱ्या गाडीचा बंपर. आणि दुसरी गाडी मागे येत होती, ही उभी होती.”

“उभी होती कशावरून?”

“ओरखडा लांबलेला नाही. जागच्या जागी दाबलाय.” मग दोन पावले पुढे जाऊन, आवाज खाली आणून, “घरी सांगितलेलं नाही अजून. म्हणून तर भिंतीला खेटून लावलीय.”

मीही सकाळी त्याच रस्त्याने दुधाला जात असे. पहिल्या वर्षी मी संकोचाने दहा पावले मागे राही. नंतर त्यांच्याबरोबर चालू लागले, आणि हळूहळू मलाही पत्र्यावरचे वाचता येऊ लागले. पानाच्या शिरांवरून झाड ओळखण्याची सवय असल्यामुळे ते मला फार कठीण गेले नाही.

अण्णांची खरी ओळख मात्र त्यांच्या एका शब्दाने होई : ‘आपला वाटा’. मोटारीचा विमा उतरवताना एक प्रश्न असतो. अपघात झाला, तर दुरुस्तीच्या खर्चातला पहिला किती भाग तुम्ही स्वतः सोसाल? तो भाग मोठा कबूल केला, तर वर्षाचा हप्ता कमी होतो. लहान ठेवला, तर हप्ता वाढतो. कागदपत्रांत त्याला जडसे इंग्रजी नाव आहे. अण्णा त्याला आपला वाटा म्हणत, आणि गल्लीतल्या कुणाचीही पॉलिसी संपत आली की त्या घराचा आकडा ठरवायला त्यांना बोलावणे येई. ते कॅल्क्युलेटर नेत नसत.

“आकडा कागदात शोधू नका,” ते म्हणत. “किती गेले तर तुमची झोप मोडेल, ते स्वतःला विचारा. तो आकडा सापडला की त्याच्या स्वल्प खाली आपला वाटा ठेवायचा. त्याच्या वरचं कंपनीनं बघावं.”

समोरच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरांनी एकदा छाती काढून सांगितले, “पंधरा हजार ठेवा अण्णा. सहज सोसेन.” पंधरा हजार हा विमा कंपनीच्या कोष्टकातला सर्वांत वरचा आकडा. अण्णांनी मान डोलावली आणि आत हाक मारली, “अम्मा, हे पंधरा म्हणतात.”

आतून डॉक्टरांच्या पत्नीचा आवाज आला, “मागच्या महिन्यात आरशाला ओरखडा आला, तर हे दोन दिवस जेवले नाहीत.”

“शून्य,” अण्णांनी लिहिले. डॉक्टर पुढचा आठवडाभर त्यांना पाहिले की रस्ता ओलांडत, पण तो आकडा त्यांनी बदलून घेतला नाही.

घरातही त्यांचा सगळा व्यवहार याच रीतीने चाले. आमच्याकडचे दिवे, फ्यूज, वॉशर हे आमच्या वाट्याचे. भिंतीत ओल आली की ती त्यांच्या वाट्याची. अक्का रागावल्या, तर त्यांची पहिली तीन वाक्ये अण्णा निमूट ऐकून घेत. चौथे वाक्य सुरू झाले की ते उठून अंगणात जात. अक्कांना हे पुरते ठाऊक होते. त्यामुळे सांगायचे ते सारे त्या तीन वाक्यांत बसवीत, आणि ती वाक्ये फार लांब असत.

मी गाडी शिकले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आमचे कॉलेज शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेले, जिथे बस जात नव्हती; यजमानांचे ऑफिस दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात. शिकण्याखेरीज इलाज उरला नाही. लहानशी, आधी कुणी वापरलेली गाडी घेतली आणि विम्याचा कागद घेऊन मी खाली गेले.

“किती गेले तर झोप मोडेल, मिस?”

“पाचशे,” मी खरे ते सांगितले.

ते हसले नाहीत. “मग शून्य घ्या. त्यात लाजायचं काय? आणि शून्य म्हणजे अगदीच शून्य नव्हे बरं का. पहिले हजार तरी कंपनी तुमच्याकडूनच काढते. हप्ता जास्त भरा आणि झोपा.”

तिसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली. आवाज ऐकून अण्णा बाहेर आले, गाडीकडे एकदा पाहून पुन्हा आत गेले. मला वाटले, रागावले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात टॉर्च, मापाची फीत आणि लांब दांडीचा लहानसा आरसा होता. पूर्वी हाच सरंजाम घेऊन ते गॅरेजांत जात. वीस मिनिटे त्यांनी माझ्या गाडीची पाहणी केली.

“वेग किती होता?”

“माहीत नाही. फारच कमी.”

“घाबरला होतात?”

“हो.”

“ते कारणात लिहितो.”

त्या दिवशी मला मिळालेला अहवाल मी अजून जपून ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात लिहिले आहे : ‘चालक घाबरलेली होती. खांब आपल्या जागी होता.’ मग त्यांनी मला शांतपणे समजावले की, एवढ्याशा रंगासाठी दावा केला, तर दावा न केल्याबद्दल पुढच्या वर्षी हप्त्यात मिळणारी सूट हातची जाईल. मी रंगाचे पैसे स्वतः भरले. त्या रात्री मला झोप लागली, हे सकाळी मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी नुसते “हं” केले. पुढच्या वर्षी त्यांनी विचारण्याआधीच मी अडीच हजार म्हणाले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाच. माणसाला धीट करण्याची त्यांची ही रीत होती. ते एकदाही ‘घाबरू नका’ म्हणाले नाहीत.

त्यांची स्वतःची गाडी जुनी, सायीच्या रंगाची होती. तिच्यावर ते गेली वीसेक वर्षे पंधरा हजारांचा वाटा घेत आले होते आणि दावा त्यांनी एकदाही केला नव्हता. लहानसहान पोचे-ओरखडे ते स्वतःच झाकत. नेलपॉलिशच्या बाटलीएवढ्या रंगाच्या बाटल्या त्यांनी आणून ठेवल्या होत्या. रविवारी सकाळी गाडीपाशी पाट मांडून ते बसत, बारीक कुंचल्याने रंग लावत आणि तो वाळेपर्यंत वर्तमानपत्र वाचत.

एका रविवारी जिना उतरताना मला त्यांच्या गाडीच्या डाव्या फेंडरवर, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, तीन ओले ठिपके दिसले. पुढच्या महिन्यात डाव्या दाराची कड. मग डाव्या आरशाचे बूड, डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेले. वाचायला त्यांनीच शिकवले होते. न वाचणे आता माझ्या हाती नव्हते. उजवी बाजू कोरी करकरीत होती. जे होते ते सारे डावीकडे, आणि वर्षागणिक वाढत होते. मी कुणाला काही बोलले नाही. माझ्या अंगी तेवढे धैर्य नव्हते, आणि चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या वाचणाऱ्या माणसाला आपली गाडी वाचता येत नसेल, हे मनाला पटतही नव्हते.

दर गुरुवारी अण्णा आणि अक्का जे. पी. नगरला जात. तिथे त्यांची मुलगी राहत असे. सात वर्षांच्या नातीला शाळेतून घ्यायचे, वीणेच्या क्लासला सोडायचे, क्लास संपेपर्यंत गाडीत बसून राहायचे आणि मग घरी पोचवायचे, एवढे एक काम त्यांनी मुलीकडून मागून घेतले होते. बुधवारी संध्याकाळीच अण्णांचा शर्ट इस्त्री होऊन दाराच्या कडीला लटके.

एकदा मला त्याच बाजूला काम होते, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. मी मागे बसले, अक्का पुढे, अण्णांच्या डाव्या हाताला. गाडी निघाली आणि अक्का बोलू लागल्या.

“तो बघा, हेल्मेट हाताला अडकवून चाललाय. डोक्याला नाही, हाताला.”

“हं.”

“आता ही रिक्षा. मागं किती चित्रं काढलीत.”

“हं.”

“फुलवाली टोपली घेऊन उतरली बघा खाली. आजोबा चाललेत एक, धोतर कसं स्वच्छ आहे.”

मला आधी वाटले, अक्कांना रस्ता पाहायची हौस आहे. चौथ्या-पाचव्या सिग्नलनंतर लक्षात आले की, उजवीकडच्या कशाबद्दलही त्या बोलत नाहीत. आणि त्या बोलल्या की प्रत्येक वेळी अण्णांचे हात स्टिअरिंगच्या चाकावर किंचित उजवीकडे वळतात, किंवा पाय ब्रेकवर जातो. उड्डाणपुलाखाली अक्कांना ठसका लागला. त्या खोकत राहिल्या. तेवढ्या अवधीत डाव्या दाराला काहीतरी खरवडत गेले आणि स्कूटरवरची एक मुलगी तोल सावरत, मागे वळून ओरडली.

“कुठून आली ही?” अण्णांनी विचारले. त्यांच्या आवाजात खरेखुरे नवल होते.

अक्कांनी खोकला आवरला. “तुमचा रुमाल द्या,” एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या शेजारची जागा नातीसाठी रिकामी ठेवलेली होती. तिच्यावर तिचा लाडूचा डबा होता. शाळा येईपर्यंत मी त्या डब्यावर हात ठेवून बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अक्कांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. निदान दोन महिने त्यांना गाडीत बसता येणार नव्हते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून त्या मला म्हणाल्या, “ते एकटे जातो म्हणतात गुरुवारी. पोरीला पुढं बसवतो म्हणतात, सोबतीला.”

पुढे म्हणजे डाव्या हाताला.

“तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?” मी विचारले.

“तीन वाक्यांत सांगून बघितलं. चौथ्याला उठून गेले.”

“आणि लेकीला?”

“तिला सांगितलं तर ती पोरीला पाठवायचीच नाही. मग त्यांचा गुरुवार गेला, मिस. त्यांना दुसरं आहे काय?” पदराचे टोक त्या बोटाला गुंडाळीत राहिल्या. “तुमचं ते ऐकतात. तुम्ही कमी बोलता म्हणून.”

मी वर आले आणि दोन दिवस माझी मीच समजूत काढत राहिले की, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे आणि मी भाडेकरू आहे.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात अण्णांची पॉलिसी संपत होती. पूर्वीचा एजंट आता राहिला नव्हता. फोनवरचा फॉर्म गेली काही वर्षे मीच त्यांना भरून देत असे. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी खाली गेले. कॉफी आली. त्यांनी चष्मा पुसला, मी एकेक प्रश्न वाचत गेले आणि ते उत्तरे देत गेले. मग तो प्रश्न आला.

“पंधरा,” ते माझ्या वाचण्याआधीच म्हणाले.

माझे बोट फोनच्या काचेवर थांबले. “अण्णा, या वर्षी शून्य घेऊ या का?”

“का? पंधराला माझी झोप मोडत नाही.”

“झोपेसाठी नाही.”

“मग?”

मी त्यांच्याकडे न पाहता फोनकडे पाहत बोलले. “वाटा मोठा असला की लहान धक्क्याला दावा करता येत नाही. माणूस स्वतःच रंग लावून टाकतो. वाटा लहान असला, तर दावा होतो. आणि दावा झाला की बाहेरचं कुणीतरी येऊन गाडी बघतं.”

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

“तुम्ही बघितलीत?” अण्णांनी विचारले.

“हो.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“काय दिसलं?”

“सगळं डावीकडे आहे.”

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मला वाटले, आता ते उठून अंगणात जातील, आणि महिनाअखेरीस घर सोडायला सांगतील. ते उठले खरे. पण आत गेले, आणि टॉर्च, फीत, आरसा असे सारे घेऊन बाहेर आले. रेघांचा एक जुना पॅड त्यांनी माझ्यापुढे धरला.

“मी सांगतो. तुम्ही लिहा.”

अंगणात त्यांनी उजव्या बाजूपासून सुरुवात केली. अनोळखी माणसाची गाडी असावी तसे ते तिच्याभोवती फिरले. “उजवी बाजू, निर्दोष,” ते म्हणाले. मी लिहिले. मग ते डावीकडे आले आणि पाट न घेता तसेच जमिनीवर बसले.

“डावा फेंडर. तीन जागी. उंची स्कूटरच्या हँडलची. रंग वरून लावलेला, हलक्या हाताने. डावा आरसा, बूड तुटलेलं, चिकटवलेलं. डावं पुढचं दार, कड दबलेली, वेगळ्या रंगाचा अंश. निळा. डावं मागचं दार.” इथे ते किंचित थांबले. “हा फाटकाचा खांब. आमचाच.”

मी लिहीत होते. दाराच्या खालच्या अंगाला, त्यांच्या बसल्या खांद्याहूनही खाली, एक बारीक आडवी रेघ होती. तिच्यावर रंग लावलेला नव्हता. त्यांनी तिच्यावर बोट फिरवले, फितीने जमिनीपासूनची उंची मोजली, आणि पुन्हा मोजली.

“हे काय असेल, मिस?”

“सायकल?”

“मोठ्या माणसाची सायकल एवढी खाली नसते.” त्यांनी टॉर्च विझवला. “हे मला आठवत नाही. बाकी सगळी आठवतात, ही कधी लागली तेच कळलेलं नाही.”

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

अहवालात एकच रकाना उरला होता. त्याचे नाव उच्चारणे मला जड गेले, तरी मी विचारले, “कारण?”

“लिहा. चालकाला डावीकडचं दिसत नाही.” मी लिहून होईपर्यंत ते थांबले. “डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत. कडेचं हळूहळू जातं म्हणाले, मधलं राहतं. मधलं दिसत होतं, म्हणून सगळंच दिसतंय असं धरून मी चाललो. ही इतकं बोलायची रस्त्यात, मला वाटायचं, वय झालं हिचं.”

मग त्यांनी माझ्याकडून कागद घेतला, वेताच्या खुर्चीत जाऊन बसले आणि मुलीला फोन लावला. काही प्रस्तावना न करता त्यांनी तो अहवाल तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. “हो,” ते म्हणाले. “नाही, यापुढं नाही. तेवढ्यासाठीच फोन केला.” फोन ठेवून त्यांनी मला खूण केली. फॉर्म अजून अर्धाच भरलेला होता.

“शून्य ठेवा.”

“पण आता गाडी तर तुम्ही...”

“गुरुवारी दुपारी तुम्हाला कॉलेज नसतं.” मग, आपण हुकूम सोडल्यासारखे बोललो असे वाटून की काय, ते म्हणाले, “विचारतोय, मिस. नाही म्हणालात तरी चालेल.”

“माझ्याकडून लागली तर?”

“म्हणून तर शून्य. दुसऱ्याच्या हातात गाडी दिली की आपला वाटा कमी ठेवायचा. नाहीतर ओरखडा आला की तुम्ही माझ्याकडं बघणार आणि मी तुमच्याकडं. हप्ता वाढतो तो वाढू दे.”

असे मी त्यांच्या गाडीतून जे. पी. नगरला जाऊ लागले. पहिले काही गुरुवार अण्णा माझ्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसत. माझ्या चुका त्यांना कळत असणार. गिअर चुकला की त्यांचा डावा पाय आपोआप दाबला जाई. पण ते ना क्लचविषयी बोलले, ना वेगाविषयी. नात मागून वीणेचे नवे धडे तोंडाने म्हणून दाखवी, आणि अण्णा मधूनच “पुन्हा म्हण” म्हणत.

दीडेक महिन्यानंतर एका गुरुवारी क्लासच्या गल्लीत पाण्याचा टँकर समोरून आला. त्याला वाट द्यायला मी गाडी मागे घेतली, आणि उजवी बाजू ग्रॅनाइटच्या खुंटाला घासत नेली. मागच्या दिव्यापासून पुढच्या दारापर्यंत पत्रा फाटत गेला. दिव्याची काच खाली पडल्याचे मी ऐकले आणि माझे हात चाकावरून सुटेनात.

“आजोबा, आता काय?” मागून नातीने विचारले.

“आता दावा,” अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “बसा तशाच. पाणी प्या आधी.”

खर्च मी देते, तुमची इतक्या वर्षांची सूट जाईल, असे मी त्यांना त्या संध्याकाळी तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “सूट कशासाठी साठवायची असते, मिस?” आणि दाव्याच्या फॉर्मवर, चालकाच्या जागी, माझे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले.

गॅरेजमध्ये कंपनीकडून आली ती पंचविशीची एक मुलगी, काखेत हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र. आपण कोण होतो हे अण्णांनी तिला सांगितले नाही. इतर मालक उभे राहतात तसे ते बाजूला उभे राहिले. तिने उजव्या बाजूचे फोटो काढले, फाटलेला पत्रा बोटाने चाचपला, मला दोन प्रश्न विचारले आणि टिपून घेतले. मग ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. पलीकडे ती बराच वेळ होती. अण्णा तिच्याकडे पाहत नव्हते. ते भिंतीवरच्या स्पॅनर्सकडे पाहत होते.

“सर,” ती कन्नडमध्ये म्हणाली, “ही बाजू जुनी दिसते. वेगवेगळ्या वेळची. ही या दाव्यात धरता येणार नाही.”

गॅरेजवाला पुढे झाला. अण्णांना तो अनेक वर्षे ओळखत होता, आणि त्याला त्यांची मदत करायची होती. “मॅडम, स्वल्प बघून घ्या की. वय झालंय त्यांचं. एकाच गाडीचं आहे सगळं, एकदम होऊन जाईल.”

मुलगी घुटमळली. तिने अण्णांकडे पाहिले. मालकही आता तेच म्हणणार, असे तिला वाटले असावे.

अण्णा गाडीला वळसा घालून तिच्याजवळ गेले. खाली वाकून त्यांनी दाराखालची ती बारीक रेघ तिला बोटाने दाखवली, जी कदाचित तिच्या नजरेतून सुटली असती.

“हीसुद्धा जुनीच,” ते म्हणाले. “उजवी तेवढी लिहा, अम्मा. ही बाजू माझी आहे.”